चार टेकड्या आणि उतरण्याची कला

नववर्षाच्या पहिल्या दिवशी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या कापडाच्या गावातील धामणकर नाक्यावर वाहनांची दाटी झालेली असते, मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट अखंड चालू असतो, आणि त्याच घटकेस, जेथे अद्याप दुपारचे दोनच वाजले आहेत अशा बव्हेरियातील गार्मिश-पार्टेनकिर्शन गावी एक तरुण बर्फाळ घसरणीवरून ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगाने सुटून आकाशात झेपावतो. ही दोन जगे माझ्या खोलीत दूरचित्रवाणीच्या पडद्यापाशी दरसाल भेटतात, आणि तो शिरस्ता मी इतकी वर्षे सांभाळला आहे की त्याविना वर्ष पालटल्याची खातरीच मला पटत नाही.

स्की-उडीच्या या चार टेकड्यांवरील स्पर्धेचा ऐतिहासिक भाग थोडक्यात आटोपतो, कारण विजेत्यांच्या याद्या कोणत्याही दप्तरात सापडतात. १ जानेवारी १९५३ रोजी गार्मिशला आरंभ झाला. पहिले अजिंक्यपद ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडलने घेतले, ज्याने १९३६ साली प्लानिका येथे शंभर मीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली होती. जर्मनीतील ओबर्स्टडोर्फ व गार्मिश, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक व बिशोफ्सहोफेन असा आजचा क्रम, डिसेंबरच्या अखेरीपासून ६ जानेवारीपर्यंतचा अवधी, आणि चारही ठिकाणच्या गुणांची एकत्र बेरीज, एवढे सांगितले म्हणजे पुरे. नॉर्वेच्या ब्योर्न विर्कोलाने १९६७ पासून सलग तीन वर्षे जिंकली, पुढे स्वीडनच्या यान बोक्लोवने स्कीच्या पट्ट्यांची टोके फाकवून उडण्याची रीत आणली, पंचांनी तिचे गुण कापले तरी १९८९ चा विश्वचषक त्याच्याकडेच गेला, आणि काही वर्षांतच सारे त्या रीतीने उडू लागले. हे सारे सर्वश्रुत आहे. परंतु माझे मन ज्यात गुंतले आहे तो विषय निराळाच आहे.

तो विषय म्हणजे उतरणे. हवेतून खाली येताना एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही बाहू पसरलेले, अशा ज्या आकृतीत उडीपटूने बर्फाला स्पर्श करावयाचा असतो, तिला नॉर्वेतील टेलेमार्क प्रांताचे नाव आहे. पाच पंच प्रत्येकी वीस गुणांपर्यंत देतात, त्यांतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून तिघांचे धरतात. टेलेमार्क चुकला तर प्रत्येक पंच दीर्घकाळ निदान दोन गुण कापीत असे, म्हणजे तिघांचे मिळून सहा. आणि मोठ्या टेकडीवर एका मीटरास १.८ गुण मिळत असल्यामुळे ही एक चूक सव्वातीन मीटरांहून अधिक उडी खाऊन टाकीत असे. शिवाय उडी जितकी लांब, तितका खालचा उतार सपाट होत जातो आणि आघात वाढतो. म्हणून जो सर्वांत दूर गेला, त्यालाच नीट उतरणे सर्वांत कठीण. असा न्याय मला दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळलेला नाही.

ही दृष्टी मला परदेशातून मिळालेली नाही. नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या छपराखाली आमचा आखाडा होता. तेथे अढी, तेढी, दसरंग असे सारे करून मल्लखांबावरून खाली येताना पायांचा आवाज झाला, तर वस्ताद काही न बोलता पुन्हा खांबाकडे बोट दाखवीत. तेलाने काळवंडलेला तो खांब, घामाने ओली झालेली तांबडी माती, आणि दोन्ही टाचा तिच्यावर मुक्याने टेकल्या की वस्तादांच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटणारे समाधान, हे मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. ६ जानेवारी २००९ रोजी बिशोफ्सहोफेनला वोल्फगांग लोइट्झलला पाचही पंचांनी पुरते वीस गुण दिले आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदही त्यालाच लाभले, तेव्हा मला प्रथम आठवले ते वस्ताद.

आमच्यातील काही लेखक गेली कित्येक वर्षे असे प्रतिपादन करीत आले आहेत की शैलीचे गुण ही जुन्या काळची अडगळ आहे, अंतराची मोजणी हाच निर्विवाद पुरावा, आणि पंचांची रुची म्हणजे लहर. त्यांना माझा जबाब २००६ च्या नोंदीत आहे. चार टेकड्यांवरील सर्व उड्यांची बेरीज झाल्यावर फिनलंडचा यान्ने आहोनेन व चेक याकुब यांदा हे दोघे १०८१.५ गुणांवर तंतोतंत बरोबरीत आले आणि अजिंक्यपद वाटून द्यावे लागले. पंचांचा अर्धा गुण कोठे इकडचा तिकडे झाला असता तर फैसला पालटला असता. जेथे अर्ध्या गुणाचे एवढे मोल, तेथे उतरण्याला अडगळ कसे म्हणावे? २०२४ साली जपानच्या र्योयू कोबायाशीने एकही टेकडी जिंकली नाही, चारही ठिकाणी तो दुसरा आला, आणि तरीही अव्वल ठरला. एका दिवसाच्या उसळीपेक्षा चार दिवसांचे सावरणे श्रेष्ठ, असेच ही स्पर्धा सांगते. आणि १९७२ साली ओळीने तीन टेकड्या जिंकून, चौथीची वाट न पाहता ऑलिंपिकच्या तयारीसाठी मायदेशी परतलेला आणि साप्पोरोला सुवर्णपदक मिळविणारा युकिओ कासाया? कोणत्या उंचीवरून केव्हा खाली यावे, हे जाणणारा पुरुष म्हणून मी त्याला या साऱ्यांत वरचे स्थान देतो.

आपल्या मुलखात नाक्यानाक्यावरून फिरणारी स्पर्धा आहे ती गोविंदांची. लोक थर मोजतात, टाळ्या थरांना पडतात; परंतु चढलेले थर एकेक करून सुखरूप उतरवणे हीच खरी विद्या आहे, हे कोणताही जुना गोविंदा सांगेल. आज तिकडे लक्ष कोणाचे? थरांची संख्या आणि बक्षिसाची रक्कम यांपुढे उतरणे गौण झाले. स्की-उडीतही आता पडद्यावर वाऱ्याचे आकडे आणि हिरव्या रेषा नाचतात. २०२५ च्या मार्चमध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या चमूने पोशाखांत केलेली लबाडी उघडकीस आली, तेव्हा कापडाच्या शिवणीतून मीटर चोरण्यापर्यंत मजल गेली हे पाहून, कापडाच्या गावात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला अतिशय वेदना झाल्या. आमच्या आखाड्याच्या जागी आता गोदाम उभे आहे, आणि तो खांब कोठे गेला ते कोणास ठाऊक नाही.

तरीही ६ जानेवारीच्या रात्री मी पडद्यासमोर बसतो. शेवटची टेकडी बिशोफ्सहोफेनची, आणि तिला नाव आहे पाउल आउसरलाइटनर याचे, जो १९५२ साली याच टेकडीवर पडला आणि त्या दुखापतीतून वाचला नाही. दरसाल विजेता ठरतो तो त्याच्या नावाच्या उतारावर, दोन्ही पाय बर्फावर सुखरूप टेकल्यानंतरच.