दुखण्याची धास्ती

तळेगाव ढमढेरे परिसरातल्या एका यात्रेत यंदा एक पोरगा नाव पुकारल्यावर आखाड्यात उतरलाच नाही. मागच्या हंगामात त्याचा गुडघा गेला होता. लोकांनी मोबाइल रोखले आणि 'कच खाल्ली' म्हणून गलका केला. तो गलका माझ्या मनातून जात नाही.

महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. तेव्हापासून गदा कुणी कधी उचलली हे आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. माझं मन मात्र माझ्या तालमीच्या दिवसांत, नव्वदच्या दशकात अडकतं. चैत्र लागला की शिरूर-दौंडकडे गावोगाव यात्रा, हलगी, तांबडी माती. आणि कुस्तीच्या आदल्या रात्री तालमीत कुणालाच झोप नाही. समोरच्या पैलवानापेक्षा धास्ती दुखण्याची. धोबीपछाडीत खांदा पुन्हा निखळेल, फुटलेल्या कानावर पुन्हा रगडा बसेल. हे वस्तादांना सांगायची सोय नव्हती. त्यांनी आमची शरीरं घडवली, त्याचे उपकार आहेतच. पण भीतीचं तोंड दाबायला शिकवलं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

कारण दाबलेली धास्ती अंगात उतरते. श्वास वर चढतो, स्नायू आखडतात, लक्ष दुखऱ्या सांध्यावर जातं. पट काढायला हात उशिरा निघतो आणि इजा व्हायची ती होते. इटलीच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी तर प्रयोगांतून दाखवलं, की दुखणार या नुसत्या अपेक्षेने मेंदूत कोलेसिस्टोकायनिन हे रसायन कामाला लागतं आणि वेदनाच वाढते. म्हणजे भिणारा पैलवान ढोंग करत नसतो. त्याला खरोखर जास्त दुखतं.

खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्यपदक आपण अभिमानाने सांगतो. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची १९५६ ची ऑलिंपिक हुकली, ते मात्र पारावरच्या गप्पांत येत नाही.

आमच्या तालमीच्या काळात एक गोष्ट मात्र चांगली होती. संध्याकाळी तेल रगडणारा जोडीदार हाताखालच्या अंगावरूनच ओळखायचा, याचं मन ताठरलंय. तेवढ्या वेळात खरं बोलणं निघायचं. आता मॅट आली, प्रोटीनचे डबे आले, ते रगडणं गेलं. पोरं कानात इयरफोन घालून एकटी बसतात.

वस्तादांना आणि यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे. जोड लावण्याआधी पोराला बाजूला घेऊन विचारा, कुठे दुखायची भीती वाटते. ज्या डावात इजा झाली तो तालमीत हळूहळू पुन्हा खेळवा. आणि तरीही तो नको म्हणाला, तर त्याचं नाव पुकारू नका.