छत्तीसच

वरळीच्या बीडीडी चाळी पुनर्विकासासाठी पडायला लागल्यापासून तिथे कॅमेरेवाल्यांची जत्रा असते. येतात, शेकड्यांनी फोटो काढतात, जातात. त्यात एक जण अजून कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरून येतो असं कळलं, म्हणून त्याच्यामागे फिरायला गेले.

"छत्तीस," हाच त्याचा पहिला शब्द. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, दिवसाला रोल एकच. हल्लीच्या किमती पाहता यात बाणा कमी आणि नाइलाज जास्त, असं मला वाटलं. पण छत्तीसच असल्यामुळे तो आधी बसतो, चहा पितो, कुणाचं लग्न ठरलं ते ऐकतो. कॅमेरा तोवर पिशवीत.

मधल्या पॅसेजमध्ये भर दुपारी अंधार. दोन्ही अंगांना खोल्या, उजेड येतो तो उघड्या दारांतून. चारशे आयएसओचा रोल तो सोळाशेचा धरून वापरतो, शटर एक-तिसांश सेकंदावर, खांदा भिंतीला टेकवलेला. एक मावशी हंडा घेऊन दारात आल्या. मला वाटलं, आता दाबणार. नाही दाबलं. "मागून उजेड आहे, चेहरा काळा येईल."

मावशींनी मग त्याचीच झडती घेतली. "दारांचे कसले फोटो काढतोस? सकाळी सातला ये, संडासाच्या रांगेचा काढ." १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जायचं आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, हे त्यांना तोंडपाठ. चाळीसाठी हळहळणारे आम्ही बहुतेक बाहेरचेच.

तो सातला गेला. रांगेतल्या बायकांनी आधी नाही म्हटलं. मग मावशींच्या सांगण्यावरून पाठ करून उभ्या राहिल्या. फोटोत नुसत्या वेण्या आणि बादल्या.

रोल तो घरीच, मोरीत धुतो. मुंबईत नळाचं पाणी कोमट, म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या घमेल्यात ठेवून वीस अंशांवर आणायची. मग स्टॉप बाथचा व्हिनेगरसारखा झणका; तो माझ्या ओढणीला दोन दिवस होता. ओल्या निगेटिव्हवर सगळं उलटं: दारातला उजेड काळा, पॅसेजमधला अंधार काचेसारखा आरपार.

कॉन्टॅक्ट शीटवर त्याने लाल पेन्सिलीने छत्तीसांतले चार निवडले. तीन दारांचे, एक रांगेचा. मी उलट निवड केली असती, आणि तसं बोललेही.

"प्रदर्शनात रांग कोण बघणार?" तो म्हणाला.

मावशींना मात्र रांगेचीच कॉपी हवी आहे.