वारा आधी, पतंग मागून

बर्फावरून पतंगाच्या ओढीने सुसाट जाणारा माणूस तुमच्यापैकी अनेकांनी छोट्या पडद्यावर पाहिला असेल. पायांना स्कीच्या पट्ट्या, कमरेला पट्टा आणि वर भला मोठा कापडी पतंग. या खेळाला स्नोकायटिंग म्हणतात. नॉर्वेच्या बोर्गे ऑसलंड यांनी १९९६-९७ मध्ये एकट्याने अंटार्क्टिका पार केले, तेव्हा त्यांनीही अशाच कापडाची मदत घेतली होती. मूळ कल्पना मात्र जुनी आहे. जॉर्ज पोकॉक या इंग्रज शिक्षकाने १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते.

आता तुम्ही म्हणाल, पाटोद्यात बर्फ कुठला? बर्फ नाही, पण बालाघाटचे उघडे माळ आहेत आणि वारा आहे. म्हणूनच इथे पवनचक्क्या आल्या. गावातली कॉलेजची पोरे मला विचारतात, ‘‘सर, तीनचाकी गाडा करून माळावर पतंगाने ओढून घेता येईल का?’’ मी त्यांना सांगतो, ‘‘येईल, पण अनोळखी माळ आधी पायी वाचायचा. पतंग घरी ठेवायचा.’’ बर्फाळ प्रदेशातले जाणकारही नव्या भागात हेच करतात.

पहिली गोष्ट वाऱ्याची. वारा दुप्पट झाला की पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात गंमत वाटणारा पतंग ताशी ३० किलोमीटरच्या झोतात माणसाला उचलून आपटू शकतो. उंचीचाही हिशेब असतो. चार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरते. म्हणून हिमालयात तेवढ्याच वाऱ्याला मोठा पतंग लागतो, आणि तोच पतंग आपल्या माळावर फार जोरकस ठरतो.

पवनचक्की हे आपले आयते वारादर्शक. तिचे तोंड असते तिकडून वारा येतो. साधारणपणे सेकंदाला तीन-चार मीटर वारा असला की ती वीज देऊ लागते. मात्र तो वारा उंचावरचा. जमिनीलगत तो कमी आणि विस्कळीत असतो. पावसाळ्यात पश्चिमेकडचा वारा जोरदार असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी माळ तापतो आणि क्षणात वावटळ उठते. अशा दुपारी पतंग बाहेर काढूच नये. उपणणीसाठी वाऱ्याची वाट पाहत ज्यांचा जन्म गेला, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आणि मेंढपाळांना विचारावे. वारा कोणत्या प्रहरी फिरतो, हे त्यांना ठाऊक असते.

दुसरी गोष्ट जमिनीच्या चढउताराची. पाटोदा तालुका पाणलोटाच्या माथ्यावर आहे. इथली मांजरा गोदावरीकडे जाते, तर सौताड्याची विंचरणा सीनेच्या वाटेने भीमेकडे. याचाच अर्थ दोन्ही अंगांना उतार आणि कडे आहेत. कड्यावर वारा समोरून आदळला तर तो वर चढतो. माळावरून दरीकडे वाहत असला तर काठापलीकडे भोवऱ्यासारखा उलटा फिरतो. दोन्ही ठिकाणी पतंग हातात राहत नाही. सौताड्याच्या धबधब्याचा काठ पाहायला सुंदर आहे, पतंगासाठी नाही. बर्फात कड्यासोबत हिमस्खलनाचेही भय असते. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार त्यात सर्वांत धोक्याचा. पायी चढताना माणूस दमून थांबतो, विचार करतो. पतंग मात्र त्याला काही मिनिटांत तिथे नेऊन सोडतो. आपल्याकडे हिम नाही, पण दगड, बांध आणि विहिरी आहेत.

तिसरी गोष्ट तारांची. विजेच्या तारा ज्या दिशेला असतील, त्या दिशेला वारा वाहत असताना पतंग सोडायचाच नाही. दोरीत धातू नको; ओली दोरीही वीज वाहून नेते. घातक नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती माळावरही लागू आहे. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या आसपास तर हा खेळ नकोच. आणि उघडा दिसणारा माळही कुणाच्या तरी मालकीचा किंवा चराईचा असतो. आधी विचारावे.

शेवटी परतीचा विचार. वारा पडला तर सामान पाठीवर घेऊन चालत येता येईल, एवढ्याच अंतरावर जावे. सोबत एक जण असावा आणि घरी ठिकाण सांगितलेले असावे. ओढ क्षणात तोडणारी कळ पट्ट्यावर हवी. ती डोळे मिटूनही हाताला सापडली पाहिजे.

पोरांनी आतापर्यंत चार माळ पायी पाहिले आहेत. तीन ठिकाणी तारा किंवा विहिरी निघाल्या. चौथ्याच्या वाऱ्याची नोंद ते सध्या वहीत ठेवत आहेत. वर्षाचे सगळे ऋतू त्या वहीत उतरले की गाड्याचे पाहू.