रेडकं कुठे जातात?

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशभरात म्हशी आणि रेडे मिळून सुमारे १० कोटी ९८ लाख जनावरं मोजली गेली. त्यांत माद्या दहा कोटींहून जास्त होत्या आणि नर एक कोटीच्याही आत. म्हशीच्या पोटी नर आणि मादी साधारण सारख्याच संख्येने जन्माला येतात. मादी दुधासाठी जास्त वर्षं सांभाळली जाते हे धरलं, तरी एवढी तफावत त्यातून निघत नाही. गाईंच्या बाबतीतही कल तोच आहे. त्याच गणनेत गाई साडेचौदा कोटी होत्या, तर बैल, वळू आणि गोऱ्हे मिळून पावणेपाच कोटींच्या आसपास. आधीच्या सात वर्षांत या नरांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटली होती. हे आकडे कुणा प्राणिप्रेमी संघटनेचे नाहीत, सरकारी खात्याचे आहेत. व्हीगन जगणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायचं तर सुरुवात याच आकड्यांपासून व्हायला हवी. कारण आपल्याकडे शाकाहार नवा नाही. मांस न खाणाऱ्या माणसाने दूधही का सोडावं, हा प्रश्न मात्र बहुतेकांना पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो.

व्हीगन सोसायटी ही संस्था १९४४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झाली. मांसाबरोबर दूध आणि अंडीही नाकारणाऱ्या मूठभर लोकांनी डोनाल्ड वॉटसन यांच्या पुढाकाराने ती उभी केली. अन्न, कपडे किंवा इतर कोणत्याही कारणासाठी प्राण्यांचा वापर आणि त्यांच्यावरची क्रूरता, शक्य आणि व्यवहार्य असेल तितकी टाळायची, अशी तिची भूमिका आहे. ‘शक्य आणि व्यवहार्य’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पुढे त्यांच्याकडे यावंच लागेल. तूर्त दुधाचं बघू, कारण आपल्या घरात खरी अडचण तिथेच येते.

म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. ती दहा महिने गाभण राहते, विते, काही महिने दूध देते, मग आटते आणि भाकड काळानंतर पुन्हा विते. दर वेताला एक पिल्लू जन्माला येतं. ते वगार असेल तर उद्याची म्हैस म्हणून तिला जपलं जातं. रेडकू असेल तर हिशेब उलटा लागतो. ते जेवढं पिईल तेवढं डेअरीला घालायचं दूध कमी होतं, आणि मोठं होऊन ते करणार काय? ट्रॅक्टर आल्यापासून औताला रेडा फारसं कुणी जुंपत नाही. त्यामुळे बरीच रेडकं अर्धपोटी राहून पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात, उरलेली विकली जातात. पुढे भाकड झालेली म्हैसही विकली जाते. भारत जगात सगळ्यांत जास्त दूध काढणारा देश आहे, २०२३-२४मध्ये ते सुमारे २३.९ कोटी टन होतं, आणि म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदार देशांतही त्याचं नाव आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की लक्षात येतं: दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा एकाच गोठ्यातून चालतो. दूध पिणारा शाकाहारी माणूस मांस खात नाही हे खरं, पण त्याच्या मागणीतूनच ते जनावर जन्माला येतं आणि त्याच हिशेबातून ते नकोसं होतं.

खरवसाचं उदाहरण घ्या. जनावर व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जो दाट, पिवळसर चीक येतो, त्यात गूळ आणि वेलची घालून तो वाफवतात. चीक ही वासराची पहिली लस असते. गाई-म्हशींमध्ये रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भात असताना आईकडून पिल्लाकडे जवळजवळ पोचतच नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि तीही जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटात गेली तरच नीट शोषली जातात. पोटभर पाजून उरलेला चीक घेतला तर वासराचं बिघडत नाही, हे मान्य. पण पिल्लू वगार आहे की रेडकू, यावरच त्याला किती पाजायचं हे ठरत असेल, तर वडीत कुणाचा वाटा आला, हे विचारायलाच हवं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: हे व्यापारी गोठ्यांचं झालं, आपल्याकडे गाय ही आई आहे. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती आणि २०१५पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली. पण कायद्याने कत्तल थांबवली तरी जनावर निरुपयोगी ठरवणारं गणित तसंच राहतं. भाकड गाय आणि गोऱ्हा विकता येत नाहीत, पोसायला पैसा नाही, मग ती जनावरं सोडून दिली जातात. पशुगणनेत मोकाट गुरं पन्नास लाखांहून जास्त निघाली ती उगीच नव्हे. शिवाय या बंदीत म्हशी नाहीत, आणि देशाच्या दुधातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा म्हशींचा आहे. आता मादीच जन्माला यावी म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा वापरायला सरकार उत्तेजन देतं. त्याने नकोसे नर कमी होतील, हा खरा फायदा आहे. मात्र भाकड झालेल्या मादीचं काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उलट माद्या वाढल्या की तो मोठा होतो.

दुधाबद्दलची ही अस्वस्थता पश्चिमेकडून आलेली नाही. गांधीजींनी १९१२च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. संयमाचा विचार त्यामागे होताच, पण कोलकात्यात गाई-म्हशींना पान्हा सोडायला लावण्यासाठी चालणाऱ्या क्रूर ‘फूका’ प्रथेबद्दल त्यांनी वाचलं होतं, हेही एक कारण होतं. १९१८-१९च्या मोठ्या आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले आणि त्याची खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फूका हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासराची जोडीने पूजा होते आणि अनेक घरांत बायका त्या दिवशी दूध-तुपाचं काही खात नाहीत. दूध वासराचं आहे, ही जाणीव परंपरेत आहेच. तिची मुदत तेवढी एका दिवसाची आहे.

मग रोजचं जेवण कसं करायचं? मराठी स्वयंपाकघराला याची फार धास्ती घेण्याचं कारण नाही. भाकरी, ठेचा, पिठलं, उसळी, भरीत, आमटी, थालीपीठ, कांदेपोहे, मिसळ, भरली वांगी या सगळ्यांत दूध-दुभतं मुळातच नाही. कोकण-गोव्यात तर गोडधोडसुद्धा नारळावर उभं आहे: शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस, खापरोळी, पातोळ्या, आणि जेवणाच्या शेवटी सोलकढी. उकडीच्या मोदकावरचं तूप वगळलं की मोदक पूर्ण वनस्पतिजन्य होतो. अडतं ते चहा, दही आणि तुपाच्या फोडणीपाशी. दह्याला शेंगदाणे चांगले कामी येतात. रात्रभर भिजवून, सालं काढून, पाण्याबरोबर बारीक वाटून गाळायचं, तळाला लागू न देता उकळायचं, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ टाकून उबेला ठेवायचं. पहिलं दही पातळ आणि जरा दाण्याच्या वासाचं लागतं. त्यातलंच चमचाभर विरजण म्हणून वापरलं की पुढचं घट्ट होतं. आलं, कढीपत्ता आणि हिंगाची फोडणी घातलेल्या कढीत तो वासही उरत नाही. चहाला मात्र हुबेहूब पर्याय नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सोयाचं किंवा ओटचं पेय चालतं, पण चव वेगळी लागते आणि विकतचे डबे गाईच्या दुधाच्या कितीतरी पट महाग पडतात. कोरा चहा पिणारे कोरा पितात.

आरोग्याचा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावणारे व्हीगन लोक स्वतःचंच नुकसान करतात. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. म्हणून गोळी किंवा बी-१२ मिसळलेलं अन्न घ्यायलाच हवं, त्याला तडजोड नाही. पण दूध पिणारे त्यातून सुटले आहेत असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त गर्भवतींमध्ये बी-१२ची पातळी कमी आढळली होती. कॅल्शियमची गोष्ट सोपी आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, पण भिजवून मोड आणले की शोषण सुधारतं. सालीसकट तीळ आणि राजगिऱ्याचा पालाही आहे. लहान मुलं आणि गर्भवती यांच्या बाबतीत आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय प्रयोग करू नये, हे मी ठामपणे म्हणेन.

स्वयंपाकघराबाहेर पडलं की ‘शक्य आणि व्यवहार्य’ या शब्दांची खरी कसोटी लागते. आपल्याकडे रेशीम सोवळ्याचं मानतात, पण धागा अखंड निघावा म्हणून कोषातला किडा आत जिवंत असतानाच वाफेने किंवा उकळत्या पाण्याने मारला जातो, आणि एका किलो रेशमाला असे हजारो कोष लागतात. पैठणी मोहाची गोष्ट आहे, मोह टाळता येतो. औषधाचं तसं नाही. अनेक कॅप्सूलची आवरणं जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनलेल्या जिलेटिनची असतात आणि औषधांच्या चाचण्या प्राण्यांवर होतात. म्हणून आजारी माणसाने औषध नाकारायचं नसतं. खरेदीत डोळस राहणं अलीकडे सोपं झालं आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका दूध आणि मधालाही चालतो, म्हणून तो पुरेसा नाही. पण २०२२च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह दिलं आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला देशात २०१४पासून बंदी आहे.

वनस्पतींनाही जीव असतो, हा आक्षेप हमखास येतो. वनस्पतींना मज्जासंस्था नाही, वेदना जाणवण्याची यंत्रणा त्यांच्यात आढळलेली नाही. रेडकाला ती आहे. आणि वनस्पतींचीच काळजी असेल तर रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा खाणारी म्हैस मध्ये ठेवण्यापेक्षा धान्य थेट खाणं बरं. शेतात नांगराखाली आणि फवारणीत किडे-उंदीर मरतात हे खरंच आहे. शून्य हानी कुणालाच जमत नाही, त्यावरून हानी कमीसुद्धा करू नये असा निष्कर्ष निघत नाही.

मला याहून वजनदार वाटतो तो जातीचा आक्षेप. आपल्या समाजात ताटातल्या पदार्थांवरून माणसाची पायरी ठरवली गेली, मांस खाणाऱ्यांना घर नाकारलं गेलं, मेलेली गुरं ओढण्याचं काम ठरावीक जातींवर लादून त्यांनाच अपवित्र म्हटलं गेलं. व्हीगन विचार त्या सोवळ्या-ओवळ्याचा नवा अवतार झाला तर तो नाकारलाच पाहिजे. पण त्याचा मूळ प्रश्न खाणारा शुद्ध आहे का, हा नाही. जनावराचं काय होतं, हा आहे. या मापाने साजूक तुपातला शिरा खाणारा माणूस मटण खाणाऱ्यापेक्षा उंच पायरीवर बसत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी बंद केला. पिंजऱ्यातल्या कोंबडीची हलाखी मला मान्य आहे, तरीही कुपोषित मुलाच्या ताटातलं अंडं काढून घेणं मला अनैतिक वाटतं. ज्यांच्यासमोर चार पर्याय आहेत त्यांनी आधी आपलं ताट बदलावं. व्यवहार्य या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या परिस्थितीप्रमाणे बदलतो आणि तो दुसऱ्याने परस्पर ठरवायचा नसतो.

राहतो तो शेतकरी. दोन म्हशींच्या दुधावर घरखर्च चालवणाऱ्या कुटुंबाला उद्यापासून धंदा बंद करा असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. तसा बदल एका रात्रीत होणारही नाही. पण आजचा धंदा त्याला फार सुखात ठेवतो असंही नाही: २०१८मध्ये दर पडले तेव्हा दूध रस्त्यावर ओतलं गेलं आणि २०२४मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्याच वर्षी लातूर-वाशिमकडच्या बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खाली विकलं जात होतं. सोयाबीनमध्ये महाराष्ट्र देशातल्या पहिल्या दोन राज्यांत आहे. त्यातलं तेल काढून घेतल्यावर उरणारी प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात आणि निर्यातीत जाते. एक किलो सोयाबीनपासून सहा-सात लिटर सोयापेय निघतं. गावोगावचं संकलन, शीतकरण केंद्रं, टँकर आणि शहरातल्या पहाटेच्या वाटपाचं जाळं सहकारी दूध संघांकडे तयार आहे. त्यांतल्या एखाद्या संघाने आपल्याच सभासदांचं सोयाबीन किंवा भुईमूग हमीभावाने घेऊन दुधाच्या पिशवीशेजारी, दुधाच्याच दरात, तशी एक पिशवी ठेवली, तर व्हीगन होण्याचा खर्च ग्राहकाला परवडेल आणि शेतकऱ्याचं उत्पन्नही एकट्या म्हशीच्या वेतावर अवलंबून राहणार नाही.