नकार देणारी पात्रे : व्हिडिओ गेममधील प्रणयाचा प्रश्न

कादंबरीतली नायिका कोणावर प्रेम करील, हे लेखक ठरवतो. ‘रोल-प्लेइंग’ प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये मात्र नायक खेळणाराच घडवतो. त्याचे नाव, रूप, तो पुरुष की स्त्री, हे सारे खेळणाऱ्याच्या हाती असते. मग त्याच्याभोवतीच्या पात्रांचा लैंगिक कल कोणी ठरवायचा?

कॅनडातील ‘बायोवेअर’ या कंपनीच्या खेळांत या प्रश्नाचा प्रवास स्पष्ट दिसतो. ‘बाल्डर्स गेट २’मध्ये (२०००) पुरुष नायकाला तीन प्रेयसींचा पर्याय होता, स्त्री नायिकेला एकाच प्रियकराचा, समलिंगी नाते नव्हतेच. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये (२००९) चारांपैकी दोन पात्रे स्त्री-पुरुष दोघांवरही प्रेम करू शकत. तिथे प्रेमाचा हिशेब आकड्यांत होता : संवाद नीट निवडा, भेटी द्या, पसंतीचे गुण वाढवा. ‘ड्रॅगन एज २’ने (२०११) मूळ खेळातले चारही प्रणयी सोबती सर्वांना खुले केले.

ही समता होती, पण तिची किंमतही होती. त्यातला अँडर्स पुरुष नायकाला सांगतो की कार्ल हा आपला पूर्वीचा प्रियकर. नायिका स्त्री असेल तर कार्ल केवळ मित्र उरतो. म्हणजे समोर कोण आहे, यावर पात्राचा भूतकाळ बदलतो. अशा पात्रांना इंग्रजीत ‘प्लेअरसेक्शुअल’ म्हणतात. त्यांचा कल त्यांचा स्वतःचा नसतो, खेळणाऱ्याच्या सोयीचा असतो.

‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मध्ये (२०१४) कंपनीने दिशा बदलली. डेव्हिड गेडर यांनी लिहिलेला डोरियन फक्त पुरुषांवर प्रेम करतो. त्याचा कल जादूने बदलण्याचा घाट त्याच्या वडिलांनी घातला होता, म्हणून तो घर सोडून आला आहे. पुढे बापलेकांची भेट होते, तेव्हा खेळणारा साक्षीला असतो. डोरियन कोणाचाही होऊ शकला असता, तर या कथेला अर्थच उरला नसता. स्त्री नायिकेला तो नकार देतो, आणि त्या नकारातच त्याचे माणूसपण आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ठाम कल म्हणजे कमी पर्याय, आणि ही टंचाई बहुधा समलिंगी खेळणाऱ्यांच्याच वाट्याला येते. ‘सायबरपंक २०७७’मध्ये (२०२०) स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीसाठी दीर्घ नात्याचे दार एकच : ज्यूडी. बेल्जियमच्या ‘लॅरियन’ने ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) पुन्हा सर्व मुख्य सोबती सर्वांना खुले ठेवले, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

तेव्हा हा वाद तंत्राचा नाही, साहित्याचा आहे. एका बाजूला प्रत्येकाला कथेत स्वतःला पाहण्याचा हक्क. दुसऱ्या बाजूला पात्राला स्वतःचे मन असण्याचा हक्क. पात्रांची संख्या आणि विविधता वाढली, तर दोन्ही हक्क एकत्र नांदू शकतील. तोवर प्रत्येक खेळाला त्यांतल्या एकाला झुकते माप द्यावे लागणार.