घरची साखर

गेल्या महिन्यात नातीच्या इयत्ता तिसरीच्या वर्गाने बाल आनंद मेळावा भरवला; मीही उपस्थित होतो. पाच रुपयांना एक याप्रमाणे तिने लिंबू सरबताचे ३० पेले विकले. जमा १५० रुपये, लिंबांचा खर्च ६०. म्हणून फळ्यावर तिने नफा ९० लिहिला.

बाईंनी विचारले, "आणि साखर? पेले?"

"ते घरचेच होते."

"घरचे म्हणजे फुकटचे का?"

साखरेचे ४५ आणि पेल्यांचे ३० रुपये वजा होताच नफा १५ उरला. नातीचा चेहरा उतरला. ‘लहान आहे, राहू द्या’ असे माझ्याही ओठांवर आले होते. बँकेत ताळेबंद तपासण्यात हयात घालवलेल्या मला त्याची लाज वाटली.

तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. वजाबाकी पुस्तकातूनही येते. काय वजा करायचे, हे मात्र असा व्यवहारच शिकवतो.

सायंकाळी जेवताना तिने वडिलांना विचारले, "आपण दुकानातून घरी साखर आणतो, ती वहीत लिहितो का?"

चिरंजीव निरुत्तर झाले. दुसऱ्या दिवशी आमच्या खातेवहीत घरच्या उचलीचे नवे पान उघडले गेले.