हिंगूळ संपला आणि निळा आला

माझ्या संग्रहात राणी व्हिक्टोरियाचं दोन आण्यांचं एक तिकीट आहे. हत्तीच्या डोक्याचं जलचिन्ह असलेल्या, १८६५च्या मालिकेतलं. कॅटलॉगात या तिकिटाच्या तीन शेड दिल्या आहेत : पिवळी, नारिंगी आणि तपकिरी-नारिंगी. मी ते तिसरी शेड म्हणून घेतलं आणि त्याच भावाने पैसे मोजले. पाकिटाच्या तुकड्यावर दोन तिकिटं एकमेकांवर जरा चढवून चिकटवलेली होती. वरच्या तिकिटाचा एक कोपरा सुटला होता. घरी आल्यावर तो चिमट्याने अलगद उचलला, तर खालच्या तपकिरी तिकिटावर दोऱ्याएवढी पट्टी लख्ख नारिंगी. दीडशे वर्षं झाकलेला तेवढाच भाग जसा छापला तसा राहिला होता. बाकीचं तिकीट छापल्यानंतर कधीतरी तपकिरी झालं होतं.

जुन्या पिवळ्या-नारिंगी शायांमध्ये अनेकदा शिशाचे क्षार असत. कोळशाच्या धुरातला, गॅसबत्तीतला गंधकयुक्त वायू त्यांना लागला की शिशाचं सल्फाइड तयार होतं आणि ते काळं असतं. संग्राहक याला सर्रास ‘ऑक्सिडाइज झालं’ म्हणतात, पण ते चूक आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं तर उलट ऑक्सिडेशनमुळेच त्या काळ्याचं पांढरं सल्फेट होतं आणि नारिंगी पुन्हा वर येतं. मी तो प्रयोग केला नाही. ती पट्टी मला दुरुस्त तिकिटापेक्षा मोलाची वाटते.

तेव्हापासून मी कुठल्याही शेडला आधी एकच प्रश्न विचारतो : हा रंग छापखान्यातून आला की नंतर चढला?

छापखान्यातल्या रंगाचीही एक गोष्ट असते, आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट १८५४ची आहे. कलकत्त्याला सर्व्हेअर जनरलच्या कार्यालयात कॅप्टन थुलियर यांनी अर्ध्या आण्याची तिकिटं शिळाछापावर छापायला घेतली. रंग ठरला लाल, शाई विलायती हिंगुळाची. ही शाई संपली. इथल्या हिंगुळाची वापरून पाहिली, तर तिने दगडावरचं चित्रच खराब केलं. मग अर्धा आणा निळ्यात गेला, लाल एक आण्याला मिळाला, आणि १ ऑक्टोबर १८५४ला देशभर जी तिकिटं सुरू झाली त्यांत अर्ध्या आण्याचं तिकीट निळं होतं. आधी छापलेली लाल तिकिटं अधिकृतपणे विक्रीला आलीच नाहीत. त्यांच्या बाजूच्या चौकटीत साडेनऊ कमानी आहेत, निळ्या तिकिटावर आठ. म्हणजे इथे रंगावर शंका आली तर कमानी मोजाव्यात. डोळ्यांपेक्षा मोजणी बरी. त्या निळ्यातही फिकट, गडद आणि थेट नीळ म्हणावी अशा शेड आहेत.

लंडनची हकीकत वेगळी. १८४०च्या काळ्या पेनी तिकिटावर लाल शिक्का मारत. लोक तो पुसून तिकीट पुन्हा वापरतील या धास्तीने १८४१मध्ये तिकीट लाल आणि शिक्का काळा अशी अदलाबदल झाली. तिकिटाच्या त्या लाल शाईतल्या पोटॅशियमच्या एका क्षारामुळे कागदावर निळसर झाक चढली, आणि निळ्या कागदावरचा लाल डोळ्यांना विटकरी दिसतो. पुढे १८८३च्या सुमाराला याच धास्तीतून जांभळ्या आणि हिरव्या अशा शाया आल्या, ज्या पाणी लागताच उतरतात. त्या हिरव्याचं तिकीट नवशिक्याने पाकिटावरून सोडवायला वाटीत भिजवलं, की बाहेर निघतं ते फिकट, पिवळट. ती नवी शेड नव्हे. ते धुतलेलं तिकीट आहे.

शेडच्या नावांशी मात्र आपलं जुनं नातं आहे. कॅटलॉगातला ‘व्हर्मिलियन’ मराठीत सरसकट शेंदरी होतो, तेव्हा मला राहवत नाही. व्हर्मिलियन म्हणजे हिंगूळ, पारा आणि गंधक. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, नारिंगीकडे झुकलेला. ‘कार्माइन’ आणि आपला किरमिजी हे तर एकाच मुळाचे शब्द. तपकिरी हा रंग तपकिरीच्या डबीतून आला. डाळिंबी, विटकरी, अबोली, आमसुली, मोरपंखी : एवढे शब्द हाताशी असताना आपण ‘डल रेड’ म्हणून का थांबावं?

पाहायची रीतही आपल्याला ठाऊक आहे. साडीच्या दुकानात बायका पैसे देण्याआधी पदर घेऊन दाराशी येतात. तिकीटही तसंच खिडकीशी न्यावं. उत्तरेचा उजेड, ऊन नको. दिव्याखाली जुळ्या दिसणाऱ्या दोन शाया दिवसाच्या उजेडात कधी कधी सख्ख्या बहिणीसुद्धा वाटत नाहीत. काळ्या पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून त्यातून फक्त छपाई बघावी, कारण शेजारी काळा शिक्का असला की लाल उजळ दिसतो आणि कागद पिवळा पडला असला की निळा हिरवट. स्टॅनली गिबन्सच्या रंगपट्टीत याचसाठी प्रत्येक रंगाला भोक पाडलेलं असतं. आणि शेवटी तुलना हवी ती तिकिटाशीच : तारखेचा स्पष्ट शिक्का असलेली, नक्की काळ माहीत असलेली दोन-तीन तिकिटं शेजारी ठेवल्याशिवाय मी शेडचं नाव उच्चारत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तर अल्बम उघडून निर्णय घेऊच नये, ढगाळ उजेडात सगळेच लाल मळकट दिसतात.

अटीतटीच्या तिकिटाला आता प्रयोगशाळा आहे. लेझरचा झोत शाईवर टाकून परतणारा प्रकाश तपासला की समोरचा लाल हिंगुळाचा आहे की शेंदराचा हे कळतं, तिकिटाचा कणही खरवडावा लागत नाही. या तपासाच्या मुळाशी असलेला शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८मध्ये लावला, तोही कलकत्त्यातच, जिथे चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी थुलियर यांच्या दगडावर हिंगूळ टिकला नव्हता.